हॅश जुळला, पण कोणाशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत), एखादे सॉफ्टवेअर किंवा मोठा डेटासंच जिथून डाउनलोड करायचा, त्या पानावर बटणाच्या आसपास आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ दिलेली असते. हा त्या फाइलचा हॅश: फाइलमधल्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण. फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत. थोडे जण उतरवलेल्या फाइलचा हॅश काढतात, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे नजरेखालून घालतात आणि काम झाले असे समजतात. संगणकविषयक सदरांमध्येही हा विषय 'हॅश तपासून घ्या' एवढ्यावर आटोपतो. तपासायचे कसे, जुळला नाही तर कारण कुठे शोधायचे आणि जुळलाच तर त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या रोमन अक्षरांत द्यायच्या, आणि 'शा' म्हणजे एस, एच, ए ही तीन अक्षरे.

हॅश काढण्याच्या अनेक पद्धती आहेत, त्यांतली शा-२५६ इथे धरली आहे. लिनक्सवर या कामाची कमांड शा२५६सम. तिच्यापुढे फाइलचे नाव दिले की ६४ अक्षरांचा हॅश छापून येतो. मॅकवर शासम -ए २५६ आणि पुढे फाइलचे नाव. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड आहे आणि वेगळे काही सांगितले नाही तर ती शा-२५६ च काढते. विंडोजवरच सर्टयुटिल -हॅशफाइल हीसुद्धा कमांड आहे, मात्र तिला फाइलच्या नावानंतर शा२५६ असे स्पष्ट सांगावे लागते. नाही सांगितले तर ती शा-१ काढते, ४० अक्षरे समोर येतात आणि माणूस फाइल खराब आहे असे समजून पुन्हा डाउनलोड करत बसतो. म्हणून जुळवाजुळव करण्याआधी लांबी पाहावी. ३२ अक्षरे असतील तर एमडी५, ४० असतील तर शा-१, ६४ म्हणजे बहुधा शा-२५६ आणि १२८ म्हणजे बहुधा शा-५१२. लांबीच वेगळी असेल तर आपण वेगळीच पद्धत वापरली आहे, फाइलचा दोष नाही.

पहिली-शेवटची अक्षरे बघण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. हॅशमधल्या प्रत्येक अक्षराला १६ पर्याय असतात, म्हणजे आठ अक्षरांना सुमारे ४२९ कोटी. हा आकडा मोठा वाटतो, पण फाइलच्या शेवटी निरुपयोगी मजकूर बदलत राहून हवी ती आठ अक्षरे मिळवणे साध्या संगणकालाही जमते. सगळी ६४ अक्षरे मिळवणे मात्र आज कोणालाही शक्य नाही. हॅशची सगळी ताकद पूर्ण लांबीत आहे आणि आपण नेमकी तीच सोडून देतो. शिवाय ६४ अक्षरे डोळ्यांनी न चुकता ताडून पाहणे कोणाकडूनही होत नाही, म्हणून तुलना संगणकाकडूनच करून घ्यावी.

त्यासाठी सोय आहे. बहुतेक प्रकल्प फाइलसोबत शा२५६सम्स अशा नावाची यादी ठेवतात. तिच्या एकेका ओळीत हॅश आणि त्यापुढे फाइलचे नाव असते. ही यादी आणि उतरवलेली फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवायची, टर्मिनलमध्ये (कमांड टंकायच्या खिडकीत) त्या फोल्डरात जायचे आणि ही कमांड द्यायची:

शा२५६सम -सी --इग्नोर-मिसिंग शा२५६सम्स

फाइलच्या नावापुढे 'ओके' आले तर जुळले, 'फेल्ड' आले तर नाही. इग्नोर-मिसिंग हा पर्याय विसरू नये. यादीत दहा-वीस फाइलींची नावे असतात, आपण एकच उतरवलेली असते आणि हा पर्याय नसेल तर उरलेल्या प्रत्येक नावापुढे 'उघडता आली नाही' अशी तक्रार येते. नवख्या माणसाचा त्या गर्दीत गोंधळ उडतो. हा पर्याय दिला आणि यादीतली एकही फाइल सापडली नाही, तर कमांड 'एकही फाइल तपासली गेली नाही' असे सांगून अपयशच कळवते, त्यामुळे खोटा दिलासा मिळत नाही.

पानावर नुसताच हॅश दिलेला असेल तर लिनक्सवर इको कमांडने हॅश, दोन स्पेस आणि फाइलचे नाव अशी ओळ तयार करून ती पाइपने (| या चिन्हाने) शा२५६सम -सी कडे द्यावी. स्पेस दोनच हव्यात. लिनक्सवर सहसा असणारी जीएनयूची कमांड एक स्पेसही चालवून घेते, पण छोट्या कंटेनर-प्रतिमांमध्ये आणि राउटरांत जो बिझीबॉक्स हा कमांडांचा छोटा संच असतो तो घेत नाही. पॉवरशेलमध्ये असे लिहावे:

(गेट-फाइलहॅश फाइलचे-नाव).हॅश -ईक्यू 'पानावरचा हॅश'

उत्तर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येते. पॉवरशेल हॅश मोठ्या लिपीत छापतो आणि पानावर तो बहुधा लहान लिपीत असतो, पण या तुलनेत त्याने फरक पडत नाही. स्क्रिप्टमध्ये ही पायरी घालायची असेल तर पडद्यावरचे शब्द वाचत बसू नये. शा२५६सम -सी या कमांडचा परत येणारा कोड तपासावा. तो शून्य असेल तरच पुढची पायरी चालावी.

आता न जुळण्याकडे वळतो, कारण गोंधळ तिथेच होतो. हॅश जुळला नाही की 'व्हायरस असेल' किंवा 'सर्व्हर हॅक झाला' असे निष्कर्ष लगेच काढले जातात. बहुतेक वेळा कारण साधे असते. पहिले काम म्हणजे त्याच फाइलचा हॅश पुन्हा एकदा काढणे. दोन्ही वेळा तोच चुकीचा हॅश आला तर फाइल वेगळी आहे. दोन वेळा दोन वेगळे हॅश आले तर मामला गंभीर आहे. फाइल बदललेली नसताना उत्तर बदलते, याचा अर्थ रॅम, केबल, यूएसबी हब किंवा डिस्क यांपैकी काहीतरी बाइट बिघडवत आहे. अशा वेळी पुन्हा डाउनलोड करण्यात अर्थ नाही. मेमटेस्टसारख्या साधनाने रॅम तपासावी, केबल बदलून पाहावी आणि तोवर त्या संगणकावर कोणताही बॅकअप घेऊ नये.

हॅश दोन्ही वेळा तोच आला तर फाइलचा आकार पानावरच्या आकाराशी ताडावा. आकार कमी असेल तर डाउनलोड अर्धवट राहिले आहे. शा-२५६ चे उत्तर ई३बी०सी४४२ असे सुरू झाले तर फाइल चक्क रिकामी आहे, कारण शून्य बाइटच्या कोणत्याही फाइलचा हॅश कायम तोच येतो. एमडी५ मध्ये रिकाम्या फाइलचा हॅश डी४१डी८सीडी९ असा सुरू होतो. फाइल काही किलोबाइटचीच असेल तर तिच्यावर 'फाइल' ही कमांड चालवून पाहावी, ती फाइलचा खरा प्रकार सांगते. आयएसओच्या नावाखाली सर्व्हरचे 'पान सापडले नाही' हे एचटीएमएल उतरलेले असते. आकार बरोबर आणि तरी हॅश चुकीचा असेल, तर डाउनलोड मध्येच तुटल्यावर 'तिथून पुढे चालू' केले होते का ते आठवावे. दरम्यान सर्व्हरवर नवी आवृत्ती चढली असेल तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी फाइल तयार होते. अशी फाइल काढून टाकून पहिल्यापासून उतरवावी.

इथेच एक सापळा आहे. खराब फाइल न काढता पुन्हा डाउनलोड केले तर ब्राउझर नव्या फाइलच्या नावात कंसात १ घालतो. यादीत मात्र मूळ नाव असते. म्हणून -सी दिल्यावर कमांड त्याच जुन्या, खराब फाइलला पुन्हा 'फेल्ड' म्हणते आणि नव्या फाइलकडे कोणी पाहतच नाही. सफारीचे वागणे आणखी वेगळे. 'सुरक्षित' प्रकारच्या फाइली उतरताच उघडायच्या ही तिची सेटिंग चालू असेल तर झिप आपोआप सुटते आणि ज्या झिपचा हॅश दिला होता ती हाती राहतच नाही.

कधी कधी फाइल ठणठणीत असते आणि यादीच बिघडलेली असते. विंडोजवर नोटपॅडमध्ये उघडून साठवलेल्या यादीत ओळींचे शेवट बदललेले असू शकतात. मग लिनक्सवरची जुनी आवृत्ती ओळीच्या शेवटचे अदृश्य अक्षर नावाचाच भाग समजते आणि समोर दिसणारी फाइल 'नाही' म्हणून सांगते. पॉवरशेल ५.१ मध्ये मोठ्याच्या चिन्हाने तयार केलेली यादी यूटीएफ-१६ या वेगळ्या अक्षर-संकेतात साठते, त्यामुळे लिनक्सवर तिच्यात एकही नीट ओळ सापडत नाही. इको कमांडने एखाद्या मजकुराचा हॅश काढताना शेवटी नवी ओळ आपोआप जोडली जाते, तीही हॅशमध्ये मोजली जाते. तिथे प्रिंटएफ वापरावे. आणि प्रोग्रॅमचा स्रोत सांभाळणाऱ्या गिट या साधनाने विंडोजवर ओळींचे शेवट आपोआप बदलले असतील तर तोच स्रोत दोन संगणकांवर दोन हॅश देतो.

मराठीत फाइलींची नावे ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'किनाऱ्यावर' यांतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकतर एकच अक्षर म्हणून, नाहीतर 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हे म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावे साठवताना अक्षर फोडून दुसऱ्या तऱ्हेने साठवते. त्यामुळे लिनक्सवर यादी केली, फाइली अशा मॅक डिस्कवर नेल्या आणि तिथून परत लिनक्सवर आणल्या, की 'ऱ' असलेली नेमकी तेवढी नावे सापडत नाहीत. आतला मजकूर बाइटन्बाइट तोच असतो, बिघडलेले असते ते फक्त नाव. जे संग्रह वर्षानुवर्षे जपायचे आहेत त्यांत फाइलींची नावे साधी ठेवावीत आणि मराठी शीर्षके वेगळ्या सूचीत लिहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हॅश जुळला तर काय, हा प्रश्न. यादीत ज्या बाइटांचा हॅश होता तेच बाइट आपल्याकडे आले, एवढेच त्यातून सिद्ध होते. यादी कोणी लिहिली, हे हॅश सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि १७.३ आवृत्तीच्या सिनॅमन आयएसओचे दुवे घुसखोरांनी बदललेल्या फाइलीकडे वळवले गेले. पान ज्याच्या ताब्यात गेले त्याला दुव्यासोबत पानावरचा हॅशही बदलता येतो, आणि मग खोट्या फाइलचा हॅश खोट्या ओळीशी अगदी बिनचूक जुळतो. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत एका मिरर सर्व्हरवरची (मूळ फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरची) मॅकची फाइल बदलून तिच्यात ट्रोजन, म्हणजे लपलेला घातक प्रोग्रॅम, घातला गेला होता. मुख्य सर्व्हर शाबूत होता. अशा प्रसंगी हॅश खरोखर कामाला येतो, कारण फाइल एका ठिकाणाहून आणि हॅश दुसऱ्या ठिकाणाहून येतो. म्हणून फाइल हव्या त्या मिररवरून घ्यावी, पण यादी कायम प्रकल्पाच्या मूळ संकेतस्थळावरूनच, एचटीटीपीएसने घ्यावी. फाइलशेजारी ठेवलेली यादी फार तर अर्धवट डाउनलोड पकडेल, घुसखोर पकडणार नाही.

त्याहून भक्कम उपाय म्हणजे यादीवरची डिजिटल सही तपासणे. ही सही प्रकल्पाच्या गुप्त कीने केलेली असते आणि तिच्या जोडीच्या जाहीर कीने तपासली जाते. उबुंटू या लिनक्सच्या यादीसोबत शा२५६सम्स.जीपीजी ही सहीची फाइल असते, डेबियनच्या यादीसोबत .साइन शेपटीची. क्रम असा: आधी सही तपासणाऱ्या जीपीजी या साधनाची कमांड जीपीजी --व्हेरिफाय, त्यापुढे सहीची फाइल, त्यापुढे यादी. सही खरी ठरल्यावरच शा२५६सम -सी. उलट क्रमाने केले तर ज्या यादीवर अजून विश्वास बसलेला नाही तिच्याशी फाइल ताडली जाते. जीपीजी 'गुड सिग्नेचर' म्हणते आणि खालीच 'या कीवर विश्वासाची सही नाही' असा इशाराही देते. त्या इशाऱ्याने घाबरू नये, पण तो सोडूनही देऊ नये. या कीची मालकी तुम्ही स्वतः पडताळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पडताळायची असेल तर कीचे पूर्ण ४० अक्षरी फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारी ओळ) दुसऱ्या मार्गाने मिळवून ताडावे: आधीपासून बसवलेल्या सिस्टिममधल्या कीसंचातून, प्रकल्पाच्या छापील कागदपत्रांतून किंवा ओळखीच्या माणसाकडून. शेवटची आठ अक्षरे पुरेशी नाहीत, तेवढी जुळणारी खोटी की तयार करता येते. फेडोराच्या यादीत सही त्याच फाइलमध्ये असते. तिच्यावर -सी चालवले की काही ओळींचा नमुना चुकीचा असल्याचा इशारा येतो. त्या ओळी सहीच्या असतात, तिथे काळजीचे कारण नाही.

सहीलाही मर्यादा आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस एक्सझेड या फाइली दाबून लहान करण्याच्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये लपवलेले चोरदार (घुसखोरासाठी ठेवलेला छुपा मार्ग) उघडकीस आले. त्या फाइलींवरची सही खरीच होती, कारण चोरदार घालणाराच प्रकल्पाचा एक अधिकृत देखभालकर्ता होता. फाइल वाटेत बदलली नाही हे हॅश आणि सही सांगतात. मुळात ती कशी लिहिली गेली हे त्यांच्या कक्षेत येत नाही.

हॅशच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. १९९२ चा एमडी५ २००४ मध्येच मोडला: एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली तयार करून दाखवण्यात आल्या. २०१२ मध्ये समोर आलेल्या फ्लेम या घातक प्रोग्रॅमने याच कमजोरीचा वापर करून मायक्रोसॉफ्टचे वाटेल असे खोटे प्रमाणपत्र बनवले होते. शा-१ चे तेच २०१७ मध्ये झाले. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकाच हॅशच्या दोन पीडीएफ प्रसिद्ध केल्या. कॉपी करताना झालेली आपोआपची चूक पकडायला एमडी५ अजूनही पुरतो, पण ज्या फाइलच्या कर्त्यावरच विश्वास नाही तिथे तो वापरू नये. सीआरसी-३२ ही पडताळणीची पद्धत तर मुळातच अपघाती चुकांसाठी आहे. नवी यादी करताना शा-२५६ सोडून दुसरे काही निवडण्याचे सहसा कारण नसते.

स्वतःच्या संग्रहासाठी यादी करणे हे माझ्या मते डाउनलोड तपासण्यापेक्षाही महत्त्वाचे आहे. उतरवलेली फाइल पुन्हा मिळते, घरचे फोटो आणि स्कॅन केलेली कागदपत्रे पुन्हा मिळत नाहीत. संग्रहाच्या फोल्डरमध्ये जाऊन:

फाइंड . -टाइप एफ -प्रिंट० | सॉर्ट -झेड | एक्सआर्ग्ज -० शा२५६सम > ../यादी.शा२५६

प्रिंट० आणि -० मधला आकडा शून्य आहे. त्यामुळे नावांतल्या स्पेसचा घोळ होत नाही. यादी मुद्दाम एक पायरी वर लिहिली आहे. ती त्याच फोल्डरमध्ये लिहिली तर तिची स्वतःचीच नोंद अर्धवट अवस्थेत होते आणि पुढे प्रत्येक तपासणीत ती एक ओळ 'फेल्ड' दाखवत राहते. तपासताना पुन्हा त्याच फोल्डरमधून शा२५६सम -सी --क्वाएट ../यादी.शा२५६ द्यावे, म्हणजे फक्त बिघडलेली नावे दिसतात. ही तपासणी गहाळ फाइल दाखवते, पण नंतर भर पडलेली फाइल दाखवत नाही. यादीत जे आहे तेवढेच ती पाहते.

पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून लगेच हॅश काढला तर बहुतेकदा संगणक डिस्कवरचे बाइट वाचतच नाही, रॅममध्ये राहिलेली प्रत वाचतो. साहजिकच सगळे 'ओके' येते. सिंक ही कमांड द्यावी (ती रॅममधले बाइट डिस्कवर उतरवते), डिस्क अनमाउंट करून काढावी, पुन्हा लावावी आणि मग तपासावे. आयएसओ पेनड्राइव्हवर जशीच्या तशी लिहिली असेल तर अख्ख्या पेनड्राइव्हचा हॅश कधीच जुळणार नाही, कारण पेनड्राइव्ह आयएसओपेक्षा मोठा असतो. आयएसओच्या आकाराएवढेच बाइट वाचावे लागतात:

सुडो हेड -सी $(स्टॅट -सी %एस फाइल.आयएसओ) /डेव्ह/एसडीएक्स | शा२५६सम

शेवटच्या एक्सच्या जागी आपल्या पेनड्राइव्हचे अक्षर घालायचे, आणि पार्टिशनचा आकडा जोडायचा नाही. रूफस या पेनड्राइव्ह लिहिण्याच्या साधनाने आयएसओ पद्धतीने लिहिला असेल तर आतल्या फाइली सुट्या करून ठेवलेल्या असतात, तिथे ही तपासणी लागू पडत नाही. लिहिल्यानंतर पेनड्राइव्ह विंडोजला लावला असेल तरीही जुळणी बिघडू शकते, कारण विंडोज त्यावर स्वतःच्या नोंदी करते.

बॅकअप घेण्याच्या आधी मूळ संग्रह यादीशी ताडावा, नंतर नव्हे. आरसिंक ही कॉपी करणारी कमांड एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहते, त्यामुळे जागच्या जागी कुजलेली फाइल तिला दिसत नाही. तिला --चेकसम दिले तर फरक दिसतो, पण मग ती खराब झालेल्या मूळ फाइलने बॅकअपमधली चांगली प्रत पुसून टाकते. म्हणून --चेकसमबरोबर आधी -एन आणि -आय देऊन काय बदलणार आहे ते नुसते पाहून घ्यावे. बदलाची वेळ जुनीच आणि हॅश मात्र वेगळा, असे जिथे दिसेल तिथे कोणी फाइल संपादित केलेली नाही, डिस्क बिघडत आहे असे समजावे. अशी फाइल दुसऱ्या प्रतीवरून परत आणावी, आणि ती दुसरी प्रतही यादीशी ताडूनच. हॅश बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. दुसरी प्रत नसेल तर पार२ या पद्धतीच्या दुरुस्ती-फाइली आधीच करून ठेवलेल्या असाव्या लागतात.

फाइली प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांनाही आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती. पानावर नुसता हॅश छापू नका. शा-२५६ ची यादी थेट कमांडला देता येईल अशा साध्या फाइलमध्ये ठेवा, तिच्यावर सही करा, आणि कीचे पूर्ण फिंगरप्रिंट डाउनलोडच्या सर्व्हरपेक्षा वेगळ्या जागी जाहीर करा. आपल्या संगणकविषयक सदरात एखादे सॉफ्टवेअर सुचवताना उतरवण्याच्या दुव्याशेजारी यादीचा दुवा आणि तपासणीची कमांड हीही छापावीत.

कळावे,
आपला एक वाचक